गाडी आणि घर यांच्यामधला गोळा

ब्रिटनमध्ये उन्हाळ्याच्या सुटीत सहकुटुंब हिंडण्यासाठी मोटारीमागे चाकांवरचे घर, म्हणजे कॅरॅव्हॅन, जोडून नेण्याची जी चाल आहे, तिचा सारा डोलारा अवघ्या ५० मिलिमीटर व्यासाच्या एका पोलादी गोळ्यावर तोललेला असतो. आणि तरीही हा गोळा ज्या दांड्यावर बसतो तो टो बार, व त्याच्या शेजारून निघणारा तारांचा जुडगा, यांविषयी हौशी मंडळी कॅरॅव्हॅनच्या पडद्यांच्या रंगाइतकीही चौकशी करीत नाहीत. नौदलातील माजी शल्यचिकित्सक विल्यम गॉर्डन स्टेबल्स यांनी १८८५ साली ब्रिस्टलच्या वॅगन कारखान्यात ‘वाँडरर’ नावाचे आपले सहलीचे घर बांधून घेतले, तेव्हा ते ओढायला घोडे होते, आणि मागे किती ओझे आहे हे घोड्याला अंगानेच कळत असे. मोटारीला ते कळवावे लागते. आणि आजच्या मोटारीला तर ते तारेनेच कळवावे लागते.

आधी पोलादाचा विचार करू. १ ऑगस्ट १९९८ पासून नोंदलेल्या, युरोपीय मान्यता मिळालेल्या मोटारींना मान्यताप्राप्त टो बारच बसवला पाहिजे, असा ब्रिटनमध्ये दंडक आहे. आणि मोटारीच्या निर्मात्याने सांगाड्यात ज्या जागा या कामासाठी मुक्रर करून ठेवल्या आहेत, त्या सर्व जागी तो बोल्टांनी आवळायचा असतो. गोळ्याचा मध्य, मोटार भरलेली असताना, जमिनीपासून ३५० ते ४२० मिलिमीटरच्या दरम्यान यावा लागतो, म्हणजे मागचे घर नाक वर किंवा खाली न करता समतल धावते. टो बारवरील पट्टीवर किलोन्यूटनमध्ये ‘डी’ हा आकडा कोरलेला आढळतो. दोन वस्तुमानांचा गुणाकार त्यांच्या बेरजेने भागून त्याला गुरुत्वत्वरणाने गुणले की तो मिळतो. २००० किलोची मोटार आणि १५०० किलोची कॅरॅव्हॅन असेल तर सुमारे ८.४ किलोन्यूटन. पृथ्वी आणि चंद्र यांच्या परस्परगतीचे गणित करताना ज्योतिर्विद जे ‘समानीत वस्तुमान’ वापरतात तेच हे. आकाशातले सूत्र गॅरेजातल्या पट्टीवर असे निमूटपणे येऊन बसावे, याची मला अजूनही मौज वाटते.

पट्टीवरचा दुसरा आकडा ‘एस’, म्हणजे गोळ्यावर सरळ खाली पडणाऱ्या भाराची कमाल मर्यादा. हे प्रकरण आपल्याकडच्या कोणाही जुन्या गाडीवानाला समजावून सांगावे लागणार नाही: माल मागे गेला की बैलगाडी उलाळ होते, पुढे आला की धूर बैलांच्या मानेवर रुतते. कॅरॅव्हॅनच्या बाबतीत एकूण वजनाच्या ५ ते ७ टक्के भार गोळ्यावर असावा असा संकेत आहे. मात्र १५०० किलोच्या ७ टक्के म्हणजे १०५ किलो होतात, आणि मोटारीची किंवा टो बारची मर्यादा जर १०० किलो असेल, तर संकेत बाजूला ठेवून लहान आकड्याचाच अंमल मानावा लागतो. भार कमी पडला, किंवा जड सामान आसापासून दूर शेपटाशी रचले, तर वेग वाढताच मागचे घर सापासारखे डावी-उजवीकडे वळवळू लागते. वेगाबरोबर या आंदोलनाचे शमन घटत जाते, आणि एका मर्यादेपलीकडे प्रत्येक हेलकावा आधीच्याहून मोठा होतो.

पुष्कळ नव्या मोटारींत या वळवळीवर इलाज बसवलेला असतो: स्थिरतेची यंत्रणा इंजिनाचा जोर उतरवते आणि एकेका चाकाचा ब्रेक हेलकाव्याच्या उलट तालात दाबते. पण मागे काही जोडले आहे हे मोटारीच्या संगणकाला ठाऊक असेल, तरच ती या कामाला जागी होते. आणि खरी गोम आहे ती इथेच. मागच्या दिव्याची तार छेदून तिला कॅरॅव्हॅनच्या दिव्याची तार जोडणे हा एके काळी राजमार्ग होता. आजची मोटार दिवा शाबूत आहे की नाही हे त्यातून वाहणाऱ्या प्रवाहावरून ताडते, एकाच बल्बला तुटक स्पंदनांनी कधी मंद तर कधी प्रखर करते. तिला अकस्मात दुप्पट प्रवाह दिसला की ती दोषाचा इशारा देते किंवा ते मंडल बंद करते. यावर बायपास रिले हा स्वस्त तोडगा आहे: तो मोटारीच्या तारेतून नाममात्र प्रवाह घेऊन केवळ संकेत वाचतो, आणि मागच्या दिव्यांना वीज थेट बॅटरीतून, स्वतंत्र फ्यूजमधून पुरवतो. दिवे लागतात, परंतु मोटारीला मागच्या घराची गंधवार्ता नसते. मागे घेताना तिचे सेन्सर कॅरॅव्हॅनलाच भिंत समजून अखंड कोकलत राहतात, आणि धुक्यातला मागचा तांबडा दिवा कॅरॅव्हॅनच्या पांढऱ्या कपाळावर आदळून चालकाच्याच डोळ्यांत परततो. मोटारीच्या अंतर्गत संदेशवाहिनीला जोडलेले, त्याच मॉडेलसाठी घडवलेले वायरिंग महाग पडते, आणि ते बसवल्यावर संगणकात त्याची नोंद, म्हणजे कोडिंग, करून घ्यावी लागते. पण जिथे ते उपलब्ध आहे तिथे कसर करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

जुन्या कॅरॅव्हॅनना सात-सात पिनांचे दोन प्लग असत, एक रस्त्यावरच्या दिव्यांसाठी, दुसरा आतल्या सोयींसाठी. २००८ च्या सुमारास त्यांची जागा १३ पिनांच्या एकाच प्लगने घेतली. त्यातली नववी पिन कॅरॅव्हॅनच्या बॅटरीकडे जाते, दहावी शीतकपाटाकडे. हे शीतकपाट शोषणतत्त्वावर चालते, म्हणजे अमोनियाचे द्रावण तापवून ते थंडी निर्माण करते, आणि तापवण्याची शक्ती विद्युद्दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. १२ व्होल्टवर १२० वॅट खाणाऱ्या तापकाला जाऊन-येऊन १२ मीटर लांबीची, १.५ चौरस मिलिमीटर छेदाची तांब्याची तार दिली, तर त्याच्या पदरात सुमारे ९७ वॅटच पडतात, तार २.५ चौरस मिलिमीटरची घेतली की १०५. या तुटीचा काही भाग तारेला तापवण्यात जातो. सांध्यात गंज असेल तर ती उष्णता एका बिंदूत साठते, म्हणूनच वितळलेला प्लग हा कारागिराच्या ओळखीचा पाहुणा. शीतकपाटाचे मंडल इंजिन चालू असतानाच जोडले जाईल अशीही तजवीज हवी, नाहीतर चहाच्या मुक्कामात मोटारीची बॅटरी रिकामी होते. बॅटरी भरली की आपला दाब उतरवणारे ‘स्मार्ट’ अल्टरनेटर आल्यापासून मागच्या बॅटरीला पुरेसा दाब मिळावा म्हणून मध्ये एक वेगळा चार्जर बसवण्याची पाळी आली आहे.

काम पुरे झाल्यावर एक जुनी परीक्षा अवश्य घ्यावी. कॅरॅव्हॅन जोडून मागचे दिवे लावावे, ब्रेक दाबून धरावा, आणि मग वळणाचा दिवा चालू करावा. तिन्ही दिवे आपापल्या तेजाने लागले तर ठीक; एक लुकलुकताना दुसरा मंद होत असेल, किंवा ब्रेकबरोबर भलताच दिवा उजळत असेल, तर बल्ब बदलीत बसू नये. परतीची पांढरी तार, म्हणजे अर्थ, कुठेतरी सैल आहे, आणि घरी परतायला वाट न सापडलेला प्रवाह शेजारच्या दिव्याच्या तारेतून आडवाटेने जातो आहे, हे त्याचे लक्षण. तेव्हा त्या तारेची तिसरी पिन पाहावी.