पाणी ओतलंत, पण काठ घासलात का?

मैत्रिणींनो, आमच्या गावात नळाला पाणी येते चार दिवसांनी. त्यामुळे न्हाणीघरात पिंप, स्वयंपाकघरात हंडे-कळशा, शिवाय हाताशी भरलेल्या दोन बादल्या. तुमच्याकडेही थोड्याफार फरकाने असंच असणार. मागच्या पावसाळ्यात पिंपात अळ्या दिसल्या म्हणून मी ते उपडे केले, वरून दोन तांबे पाणी फिरवले आणि नळ आल्यावर पुन्हा काठोकाठ भरले. तिसऱ्या दिवशी पाहते तो पुन्हा वळवळ! सासूबाई म्हणाल्या, "अगं, नळातूनच येत असतील." मलाही ते पटलं. पण पुढच्याच आठवड्यात शेजारच्या वहिनींचा मुलगा डेंग्यूने अंथरुणाला खिळला, आणि घरोघर पाहणी करणाऱ्या आरोग्यसेविका आमच्या पिंपात डोकावल्या. आतल्या काठावर बॅटरी धरून त्यांनी काळे बारीक ठिपके दाखवले. "ताई, पाणी ओतलंत, अंडी मात्र ठेवलीत!"

डेंग्यू पसरवणारा एडिस डास तुम्ही पाहिलाच असेल. काळा, पायांवर पांढरे पट्टे, आणि चावतो तो मुख्यतः दिवसा. नर-मादी दोघेही फुलांतला गोड रस पितात. रक्त लागते ते फक्त मादीला, कारण अंडी तयार करण्यासाठी लागणारी प्रथिने तिला त्यातून मिळतात. (यावर घरातल्या पुरुषमंडळींना काय विनोद सुचेल, ते सांगायला नको!) नराशी बहुधा एकदाच झालेला संबंध तिला जन्मभर पुरतो. एका वेळी ती शंभराच्या आसपास अंडी घालते, पण सगळी एकाच भांड्यात नाही. थोडी इथे, थोडी तिथे. शिवाय पाण्यात नव्हे, तर पाण्याच्या रेषेच्या जरा वर, ओलसर काठावर चिकटवते. का, ते पाहा. पाणी आटले, पिंप कोरडे पडले, तरी ती अंडी महिनोन्‌महिने जिवंत राहतात. पाणी चढून त्यांच्यापर्यंत पोचले की फुटतात. म्हणजे मी पिंप काठोकाठ भरले तेव्हा त्या अंड्यांची सोयच केली म्हणायची!

अंड्यातून निघालेली अळी चार वेळा कात टाकते. पाण्यातले सूक्ष्म जीव, कुजका कचरा खाते आणि डोके खाली, शेपटीकडची नळी वर अशी लटकून हवा घेते. मग तिचा स्वल्पविरामासारखा वाकडा कोष होतो. तो काही खात नाही, पण हात लावला की कोलांट्या मारतो. दोनेक दिवसांत त्यातून पंखवाला डास बाहेर. उन्हाळी हवेत अंड्यापासून डासापर्यंत सात ते दहा दिवस पुरतात. आठवड्यातून एक 'कोरडा दिवस' पाळा असं सांगतात, ते याच हिशेबाने.

तुम्ही म्हणाल, चार दिवसांचं पाणी ओतून कसं द्यायचं? द्यायचंच नाही मुळी. नळ येण्याच्या दिवशी पिंप तळाला गेलेलेच असते, तेव्हा घासायचे. उरलेले पाणी फडक्यातून गाळून न्हाणी धुवायला घ्यावे, फडके उन्हात झटकावे. अळ्यांचे पाणी गटारात नको, कोरड्या मातीवर ओता. पिंपावर झाकण घट्ट बसत नसेल तर जुन्या धोतराचे फडके नाडीने बांधा. फ्रीजच्या मागची पाण्याची तबकडी, कुंडीखालची ताटली, कूलर, गच्चीतली करवंटी, हीही विसरू नका.

आणखी एक. डेंग्यूचा रोगी घरात असेल तर त्याला दिवसासुद्धा मच्छरदाणीत निजवा. त्याला चावलेल्या मादीच्या अंगात विषाणू वाढतो, आणि आठ-बारा दिवसांनंतर ती मरेपर्यंत इतरांना तो देऊ शकते. वहिनींनी तेच केले. ताप उतरल्यावरही मुलाला एकटे सोडले नाही, कारण पोटदुखी, सतत उलट्या, हिरड्यांतून रक्त ही धोक्याची चिन्हे नेमकी तेव्हाच दिसतात. आता तो शाळेत जातो आहे.

आमच्याकडे नळाच्या दिवशी सकाळी काथ्याचा खरखराट ऐकू येतो. प्लॅस्टिकच्या पिंपाच्या कडेला जी खाच असते ना, तिथे काथ्या पोचत नाही. त्यासाठी मी दात घासायचा एक जुना ब्रश खिळ्याला अडकवून ठेवला आहे.