कापल्याशिवाय कळत नाही

इटलीच्या टस्कनी प्रांतात सांजोवेझे नावाच्या द्राक्षापासून कियांती ही रेड वाइन करतात. मी मुसलमान माणूस, वाइन चाखलेली नाही. चाखणारे ती तोंडात घोळवून चक्क थुंकून टाकतात, हे वाचले तेव्हा गंमत वाटली. पण त्यांची परीक्षा वाचताना मला आमच्या जयगडची आंब्याची अढी आठवली.

२००३ साली युरोपात भयंकर उन्हाळा झाला. अशा साली द्राक्षात साखर लवकर भरते, आंबटपणा भराभर उतरतो आणि वाइन जड होते. जाणकार तेव्हा गोडीला भुलत नाही. घोटानंतर तोंडाला पाणी सुटते का, ते पाहतो. सुटले तर आंबटपणा शिल्लक आहे. हापूसचेही तेच. नुसता गोड आंबा दुसरी फोड मागत नाही.

पण उन्हाने हापूसचे उलटेही होते. आमची कलमे कातळावर. एप्रिलच्या दुपारी त्यावर अनवाणी पाय ठेववत नाही. ती धग खालून फळाला लागते आणि आत साका धरतो. बाहेरून आंबा केशरी, घमघमीत. कापावा तर आत फिकट, स्पंजासारखा गर. तिथे पिठाची साखर झालेलीच नसते, आंबटपणा तसाच राहिलेला. म्हणजे द्राक्षातला आंबटपणा उन्हाने पळतो, हापूसमधला कोंडला जातो! बंगळूरच्या संशोधकांनी कोयीकडेही बोट दाखवले आहे. फळ हाती येण्याच्या सुमारास आतले बी रुजण्याच्या तयारीला लागते आणि भोवतीचा गर बिघडतो, असे ते सांगतात. म्हणून आंबा झाडावर पिकू द्यायचा नाही. देठाजवळचे खांदे वर आले, चौदा आणे तयार झाला, की झेल्याने उतरवायचा. कलमाखाली पालापाचोळा अंथरला तर धगही कमी लागते. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने साका न धरणारी ‘रत्ना’ जात काढली. खायला चांगली आहे. पण हापूस मागणारा हापूसच मागतो.

साका वरून दिसत नाही. आमचे अब्बा प्रत्येक अढीतले चार आंबे कापत. आधी देठाकडून वास घेत, मग सुरी थेट कोयीपर्यंत नेत आणि फोड जिभेवर थोडा वेळ धरून ठेवत. गोडीमागून जिभेच्या कडेला बारीकशी आंबट कळ आली पाहिजे. चारांत एकात जरी साका निघाला, तरी त्या अढीतला आंबा पेटीत जात नसे. चांगला गर काढून त्याची साटे घालायची. अम्मा कुरकुरायची, कारण साटे वाळवण्याचे काम तिच्याच गळ्यात!

मी बी.ए. होऊन घरी आलो, कविता करू लागलो आणि पेट्यांचा हिशेबही. एक साल फार कडक गेले. माल थोडा, भाव चढा. चार आंबे कापायचे जिवावर आले. न कापताच चार डझनांची पेटी पुण्याच्या एका मास्तरांना धाडली. दरवर्षीचे गिऱ्हाईक. आठवड्याने त्यांचे कार्ड आले: ‘आंबे देखणे होते. लेकीच्या सासरी पाठवले होते.’ एवढेच. पैसे पोचले होते, तक्रार नव्हती.

अब्बांनी कार्ड दोनदा वाचले. विचारले, “किती कापले होतेस?”

“एकही नाही.”

ते उठून अढीकडे गेले. दुसऱ्या दिवशी एसटीने एक पेटी पुण्याला गेली, तिचे पैसे हिशेबात मांडायचे नाहीत असे मला बजावून. मास्तरांनी पुढल्या वर्षी आंबे मागवले नाहीत.

हल्ली मी अढीतले सहा कापतो.