संस्थांची शाळा (भाग ६) : नळीतला बुडबुडा

प्रशिक्षणाचा दिवस कसा असतो, हे बीड जिल्ह्यातल्या कुठल्याही कार्यकर्त्याला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेल. वेळ दहाची, सुरुवात साडेअकराला. दीपप्रज्वलन, ओळखीचा खेळ, मग पाच-पाच जणांचे गट. प्रत्येक गटाला एक चार्टपेपर आणि तीन स्केचपेन, त्यातलं एक वाळलेलं. विषय, ‘समन्वयातील अडचणी’. सगळे गट साधारण तेच लिहितात आणि एकमेकांच्या कागदांना टाळ्या वाजवतात. पाहुण्यांना पुढं जायचं असतं म्हणून गटचर्चेच्या मधेच ग्रुप फोटो होतो. शेवटी प्रवासभत्त्याच्या कागदावर सह्या. एवढं झालं की अहवालात ‘क्षमताबांधणी’ झाली.

मी असे दिवस भरपूर काढलेत, आणि काही स्वतः घेतलेतही. त्यामुळं हसतो ते आधी स्वतःलाच. अशाच एका कार्यशाळेनंतर चार दिवसांनी केज तालुक्यातल्या एका गावात बचत गटाच्या बैठकीला गेलो होतो. सचिव असलेल्या बाईंनी पिशवीतून दोन वह्या काढल्या आणि विचारलं, “ही सोमवारच्या म्याडमची अन् ही गुरुवारच्या सरांची. कोणती दाखवू?” बायका त्याच दहा, बचत तीच, पण गट दोन, कारण गावात येणाऱ्या संस्था दोन. त्या दोन्ही संस्थांचे लोक आमच्या कार्यशाळेत शेजारी बसले होते. एकाच गटात होते, एकाच चार्टपेपरवर त्यांनी ‘माहितीची देवाणघेवाण वाढवणे’ असं हिरव्या शाईत लिहिलं होतं. वह्यांचा विषय मात्र निघालाच नव्हता.

गेल्या भागात आपण कार्यकर्ता एकटा कसा शिकतो ते पाहिलं. पण एक संस्था दुसऱ्या संस्थेकडून आणि गावाकडून शिकते कशी? घोडं पेंड खातं ते इथं. नवोपक्रम, सहयोग, भागीदारी हे शब्द आता सगळ्यांच्या तोंडी बसलेत, चहा देणाऱ्या पोराच्यासुद्धा. ते प्रत्यक्षात कसे दिसतात, हे पाहायला अंबाजोगाईला जाऊ.

२०१६ चा उन्हाळा आठवा. मांजरा धरण कोरडं पडलेलं. धनेगावचं हे धरण आहे केज तालुक्यात, पण त्याच्या पाण्यावर लातूर शहरही जगतं. त्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं. त्याच महिन्यात पाणी फाउंडेशनची पहिली ‘सत्यमेव जयते वॉटर कप’ स्पर्धा सुरू झाली. तालुके तीन होते: अमरावतीतला वरूड, साताऱ्यातला कोरेगाव आणि बीडमधला अंबाजोगाई. गावं ११६. पाणलोटाचं तांत्रिक शिक्षण द्यायला सोबत ‘वॉटर’ ही संस्था होती. हर्मन बाखर आणि क्रिस्पिनो लोबो या दोघांनी १९९३ मध्ये नगरमध्ये सुरू केलेली ही संस्था पाणलोटाच्या कामात मुरलेली. म्हणजे पाणी फाउंडेशनचे गोष्ट सांगण्याची कला असलेले दूरचित्रवाणीचे लोक, माथा ते पायथा पाणी अडवण्याचं शास्त्र असलेली संस्था आणि तहानलेलं गाव हे तिघं एका मांडवाखाली आले. एकट्याला जमणारं ते काम नव्हतं.

स्पर्धेचा गाजावाजा पुष्कळ झाला. बक्षिसं, अभिनेते, श्रमदानाच्या पहाटे, सगळं. माझ्या मते मोलाची गोष्ट होती स्पर्धेआधीचं प्रशिक्षण. गावानं आपले मोजके लोक निवडून पाठवायचे, त्यांत बायकाही. त्यांनी निवासी राहून शिकायचं आणि परत जाऊन गावाला शिकवायचं. तिथं भाषणं कमी आणि खेळ, सिनेमा, शिवारफेरी जास्त. सगळ्यात चांगला शिक्षक निघाला एक साधं यंत्र.

त्याला म्हणतात हायड्रोमार्कर. दोन काठ्या, त्यांवर सेंटिमीटरच्या खुणा, आणि दोन्ही काठ्यांना जोडणारी एक लांब पारदर्शक नळी, पाण्यानं भरलेली. उतारावर सलग समतल चर काढायचा तर आधी समान उंचीची रेघ सापडावी लागते. डोळ्याला ती दिसत नाही. डोळा माळरानावर हमखास फसवतो, आणि ज्याची जमीन त्याचा डोळा जास्तच. मग एक जण पहिली काठी धरून उभा राहतो. एक बाई दुसरी काठी घेऊन नळी पुरेल तितकी पुढं जाते. जाताना दोघंही नळीच्या तोंडावर अंगठा दाबतात, नाहीतर पाणी सांडतं. अंगठा काढला की दोघंही आपापल्या काठीवरचं माप मोठ्यानं सांगतात. “एकशे चार!” “अठ्ठ्याण्णव!” जुळलं नाही. बाई दोन पावलं सरकते, पुन्हा माप. “एकशे एक!” “एकशे एक!” तिथं फक्कीची चिमूट. मग पहिला दुसऱ्याच्या जागी आणि बाई पुढं. अशा फक्कीच्या ठिपक्यांतून चराची रेघ उमटते.

या यंत्राच्या दोन गोष्टी मला फार आवडतात. एक म्हणजे एका टोकाचं माप एकट्यानं निरर्थक आहे. एकशे चार म्हणजे काय? काहीच नाही, पलीकडचा आकडा ऐकू येईपर्यंत. दुसरी, नळीत हवेचा बुडबुडा अडकला की दोन्ही टोकं खोटं सांगतात, आणि दोघंही प्रामाणिक असतात. म्हणून काम सुरू करण्याआधी दोन्ही काठ्या शेजारी-शेजारी उभ्या करून पाणी एका रेषेत येतं का ते बघायचं, नळीला टिचक्या मारून बुडबुडा काढायचा. हे न करता आखलेल्या चराला उतार राहतो. पहिल्याच मोठ्या पावसात पाणी एका टोकाला धावतं, बांध फोडतं आणि अडवायचं राहिलं बाजूला, नवीच घळ पाडतं.

संस्थांच्या बैठकीत हा बुडबुडा कुणी काढत नाही. एका संस्थेच्या भाषेत ‘लाभार्थी’ म्हणजे कुटुंब, दुसरीच्या भाषेत व्यक्ती. एकीचं वर्ष एप्रिलला सुरू होतं, दुसरीचं निधी देणाऱ्याच्या करारानुसार जानेवारीत. दोघी प्रामाणिकपणे आकडे सांगतात, आणि बेरीज खोटी येते.

२०१६ च्या स्पर्धेत पहिलं बक्षीस कोरेगावच्या वेळू गावाला गेलं. अंबाजोगाईतल्या खापरटोन आणि राडी तांडा यांनाही वरची बक्षिसं मिळाली. पुढच्या वर्षांत स्पर्धा पसरत गेली, तसे आदल्या वर्षी शिकलेले गावकरीच नव्या गावांचे प्रशिक्षक झाले. शिकवायची वेळ आली की आपल्याला काय कळलं नव्हतं ते पहिल्यांदा कळतं, असा माझा अनुभव आहे. मराठवाड्याला ही पद्धत नवी नव्हती. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर प्रेमा गोपालन यांच्या ‘स्वयं शिक्षण प्रयोग’नं लातूर-उस्मानाबादच्या गावांत बायकांना ‘संवाद सहायक’ केलं होतं. घरं मजबूत कशी करायची हे त्या शिकल्या, आणि २००१ मध्ये भुजला भूकंप झाला तेव्हा त्यांच्यातल्याच काही जणी गुजरातमधल्या बायकांना सांगायला गेल्या. अभियंत्यापेक्षा त्यांचं लवकर ऐकलं गेलं असेल, यात मला नवल वाटत नाही.

वॉटर कपची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. अडवलेलं पाणी कुणी कशासाठी उपसायचं, याचं उत्तर चरातून निघत नाही. पाणी आलं की काही शिवारांत ऊस आला. २०१९ च्या स्पर्धेनंतर वॉटर कप थांबला आणि २०२२ पासून त्याच मंडळींनी गटशेतीचा ‘फार्मर कप’ हाती घेतला. स्वतःचा गाजलेला उपक्रम बाजूला ठेवून पुढचा प्रश्न घेणं थोड्या संस्थांना जमतं.

अंबाजोगाईतलाच एक जुना धडाही इथं घ्यायला हवा. १९८२ मध्ये डॉ. द्वारकादास लोहिया आणि शैला लोहिया यांनी ‘मानवलोक’ सुरू केली, आणि पुढं बायकांच्या प्रश्नांसाठी ‘मनस्विनी’. संस्थेनं समाजकार्य महाविद्यालयही काढलं. समाजकार्याचं शिक्षण म्हटलं की आपल्याला मुंबईचं टाटा आठवतं, १९३६ चं. पण तालुक्याच्या गावात असं महाविद्यालय असणं ही वेगळीच गोष्ट आहे. तिथल्या विद्यार्थ्याचं क्षेत्रकार्य बऱ्याचदा त्याच्या मामाच्या गावात पडतं. सर्वेक्षणाचा फॉर्म भरताना मामी म्हणते, “ते राहू दे, आधी जेव.” शिकणारा आणि ज्यांच्याविषयी शिकायचं ते, यांच्यात अंतर राहत नाही. त्याचा फायदा आहे, तोटाही आहे. मामीला घरातल्या दारूबद्दल प्रश्न विचारायला जीभ रेटत नाही.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. बीडमध्ये संस्थांना एकमेकींशिवाय गत्यंतरच नाही, याचं कारण कोयता. दसरा-दिवाळीनंतर लाखो माणसं उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेऊन ऊसतोडीला निघतात आणि पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात कारखान्यांच्या फडात सहा महिने राहतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. बीडची संस्था त्यांना सहा महिने पाहते, कोल्हापूरची संस्था उरलेले सहा. एकच माणूस, दोन टोकं, आणि मधली नळी बहुधा गायब.

पोरांच्या शाळेचं बघा. या शतकाच्या सुरुवातीला औरंगाबादच्या ‘जनार्थ’नं कारखान्यांच्या आवारात साखरशाळा चालवल्या. मूल जिथं गेलं तिथं शाळा गेली, कल्पना सरळ होती. पण एप्रिलमध्ये मूल गावी परतलं की गावच्या गुरुजींना ते काय शिकून आलं याचा पत्ता नसे. उलटा प्रयोग म्हणजे हंगामी वसतिगृह. आईबाप जातील, मूल आजीपाशी गावातच राहील, जेवणाखाण्याची सोय शाळा व्यवस्थापन समिती बघेल. यात शाळा सुटत नाही, पण आई सुटते, आणि देयकं थकली की डाळ पातळ होते. मग आलं शिक्षण हमी कार्ड. मुलानं ते सोबत न्यायचं आणि तिथल्या शाळेत दाखवायचं. दोन टोकं जोडायचा तो सरकारी प्रयत्न. हे तिन्ही नवोपक्रमच. प्रत्येकानं आधीच्याचं काय हुकलं ते ओळखलं, आणि तिन्हींचं कुठं ना कुठं हुकलंच.

यापेक्षा जड उदाहरण गर्भाशयांचं. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची बातमी देशभर गेली. नीलम गोऱ्हे यांच्या समितीसाठी झालेल्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली आढळली. पण हे प्रकरण आधी तुकड्यांत माहीत होतं. आरोग्यावर काम करणाऱ्यांना दवाखाना दिसत होता, ‘कॅन्सर होईल’ म्हणून घातलेली भीती दिसत होती. मजुरांच्या संघटनांना खाडा दिसत होता: एक दिवस आजारी पडलं की मजुरी तर जातेच, वर दंड कापला जातो. बायकांच्या संघटनांना फडातलं पाळीचं जगणं दिसत होतं, आडोसा नाही, पाणी नाही. यातलं एकच माप वाचलं तर दोष एका डॉक्टरचा वाटतो, किंवा बायकांच्या अज्ञानाचा. महिला किसान अधिकार मंचासारख्या जाळ्यातल्या संस्था, बीडच्या कार्यकर्त्या आणि पत्रकार यांनी हे आकडे एकमेकांना ऐकू जातील असे मोठ्यानं सांगितले, तेव्हा कुठं शस्त्रक्रिया, खाडा आणि उचल एका रेषेत आली. त्यानंतर जिल्ह्यात खासगी रुग्णालयांना अशा शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी बंधनकारक झाली.

मग संस्था असं एकत्र बसून नेहमी का शिकत नाहीत? श्रेयाची भांडणं आहेत, आयत्या बिळावर नागोबा होणारे आहेत. पण सगळा दोष स्वभावाला देणं बरोबर नाही, पैशाची व्यवस्थाच तशी आहे. परदेशी देणगीच्या कायद्यात २०२० मध्ये दुरुस्ती झाली. प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० वर आली, आणि अशा पैशातून एका संस्थेनं दुसरीला निधी देणं बंद झालं. अंबाजोगाईच्या संस्थेला तो पैसा कोल्हापूरच्या संस्थेसोबत वाटून काम करायचं असेल, तर रस्ता मिटला. कंपन्यांचा सामाजिक निधी २०१३ च्या कायद्यानं आला, पण तो देणाऱ्याला प्रकल्प हवा असतो: इतके शेततळे, इतक्या सायकली. दोन संस्थांनी तीन दिवस बसून वह्या जुळवल्या, याचा फोटो चांगला येत नाही. खर्च कापायची वेळ आली की पहिला हात शिकण्यावर पडतो. पैशाअभावी चार वर्षांत तीन समन्वयक बदलले, की संस्थेनं शिकलेलं एसटीत बसून पुण्याला निघून जातं.

केजच्या त्या बाईंच्या दोन वह्या पुढं एक झाल्या. कार्यशाळेमुळं नाही. बाईंनीच एका बैठकीला म्याडम आणि सर या दोघांनाही एकाच वेळी बोलावलं, चहा ठेवला आणि वह्या चटईवर शेजारी-शेजारी मांडल्या. हिशेबात चारशे रुपयांचा फरक निघाला. तो शोधायला दीड तास लागला.

कोयत्याची वही मात्र अजून एक झालेली नाही. कुठलं कुटुंब कुठल्या कारखान्याला गेलं, सोबत पोरं किती, कोण आजारी, कुणावर किती उचल, हे दोन्ही टोकांना ठाऊक असलेला एकच माणूस या व्यवस्थेत आहे, तो म्हणजे उचल देऊन मजूर नेणारा मुकादम. त्याची वही कशी भरली जाते आणि ती संस्थांच्या हाती का येत नाही, हे पुढच्या आठवड्यात.