आधी दाबा, मग बांधा

पावसाळा तोंडावर आला की आमच्या देहूरोडच्या चाळीत पत्रे दुरुस्तीची घाई सुरू होते. गेल्या वर्षी शेजारच्या वहिनी असाच एक गंजका पत्रा सरकवायला गेल्या आणि तो हातातून निसटला. मनगट आणि कोपर यांच्या मध्ये चांगलीच खोल जखम झाली. त्यांची किंकाळी ऐकून मी हातातलं लाटणं टाकून धावले.

सिनेमात पाहिलेलं तेवढंच मला आठवलं. ओढणी घेतली आणि जखमेच्या वर बांधली. पण फार आवळलं तर हात काळानिळा पडेल, ही भीती! म्हणून बेताचीच गाठ मारली आणि मिनिटामिनिटाला सैल करून बघत राहिले. रक्त थांबायचं नाव नाही. उलट वाढलंच!

तेवढ्यात पलीकडचे काका आले. ते लष्करात नर्सिंग असिस्टंट होते. आमचं गाव छावणीचं, त्यामुळे असे निवृत्त जवान इथे बरेच. त्यांनी माझी ओढणी सोडली, धुतलेल्या पंचाची घडी जखमेवर ठेवली आणि तळव्याने सगळा जोर लावून दाबली. "ताई, घड्याळ बघा. दहा मिनिटं मी हात उचलणार नाही." आणि खरंच, दहा मिनिटांत रक्त थांबलं. पुढे दवाखान्यात टाके पडले, धनुर्वाताचं इंजेक्शन झालं. आज वहिनी पूर्वीसारख्याच भाकऱ्या थापतात.

माझ्या मनाला मात्र लागून राहिलं. मदतीला गेले आणि रक्त वाढवून बसले! काकांना विचारलं, तेव्हा त्यांनी नीट समजावून सांगितलं. हाताला रक्त आणणाऱ्या धमन्या खोल असतात आणि त्यांत जोर जास्त असतो. रक्त परत नेणाऱ्या शिरा वरच्यावर आणि मऊ. अर्धवट आवळलं की शिरा दबतात, धमन्या चालूच राहतात. आलेल्या रक्ताला परतीची वाट नाही, मग ते जखमेतून जास्तच वाहतं. म्हणजे अर्धवट बांधणं हे न बांधण्यापेक्षा वाईट.

म्हणून मैत्रिणींनो, पहिला उपाय दाबण्याचाच. स्वच्छ कापड, तळव्याचा पूर्ण जोर आणि मध्ये उचलून बघायचं नाही. कापड भिजलं तर वर दुसरं ठेवा. जखमेत काच किंवा सळई रुतली असेल तर ती उपसू नका, तिच्या दोन्ही बाजूंनी दाबा. बहुतेक जखमांचं रक्त एवढ्यानेच थांबतं.

मग बांधायचं कधी? हातापायातून रक्ताची चिळकांडी उडतेय, जोराने दाबूनही थांबत नाही, किंवा यंत्रात हात सापडून तुटल्यासारखा झालाय, तेव्हाच. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त. मोठी धमनी तुटली तर काही मिनिटांत जीव जाऊ शकतो. अशा बांधणीला टूर्निकेट म्हणतात. ज्याँ-लुई पेती या फ्रेंच शल्यविशारदाने 1718 मध्ये पेच फिरवून आवळायचा पट्टा तयार केला. आजही तत्त्व तेच आहे.

पट्टी निदान तीन बोटं रुंद हवी. सुतळी, दोरी, तार अजिबात नको, ती मांसात रुतते. जखमेच्या वर, धडाच्या बाजूला चार बोटं अंतर सोडून बांधा, पण कोपरावर किंवा गुडघ्यावर नको. बांगड्या, अंगठ्या आधी उतरवा. नुसत्या गाठीने पुरेसं आवळत नाही. गाठीत पळीचा मजबूत दांडा अडकवून पिळा, रक्त थांबेपर्यंत पिळा आणि दांडा बांधून टाका. माणूस दुखतंय म्हणून ओरडेल. दुखणारच, तेवढ्यासाठी सोडू नका. बांधल्याची वेळ कागदावर किंवा कपाळावर लिहा. साधारण दोन तासांपर्यंत हात सहसा वाचतो. मध्येच सैल करायचं नाही, ते काम डॉक्टरांचं. मान, पोट, छाती इथे तर बांधायचंच नाही.

आणखी एक. साप चावला की वर करकचून बांधायची आपल्याकडे जुनी सवय. ती सोडा. त्याने विष थांबत नाही, पण हातपाय गमवायची वेळ येते. चावलेला भाग हलू न देता थेट सरकारी रुग्णालय गाठा.

दाबत असतानाच दुसऱ्या कुणाला तरी 108 ला फोन करायला सांगा. ही मोफत रुग्णवाहिका महाराष्ट्रात 2014 पासून आहे. आपल्या दारावरून जुना मुंबई-पुणे रस्ता जातो. तिथे अपघात दिसला की 'पोलिसांची कटकट नको' म्हणून आपण पुढे निघतो. पण 2019 च्या मोटार वाहन कायद्यातील दुरुस्तीने मदत करणाऱ्याला संरक्षण दिलं आहे. आपलं नाव सांगण्याचीही सक्ती नाही.

माझ्या घरात आता औषधांच्या डब्याशेजारी एक रुंद पट्टी, पंचा आणि पेन ठेवलेलं असतं. मुलांकडूनही एकदा दाबण्याचा सराव करून घेतला. तुम्हीही आज दुपारी, भांडी झाली की, दहा मिनिटं काढा.