गिऱ्हाइकाचे भात आणि आमची उधारी

वैभववाडीच्या पेठेतील कापडवाल्याची खातेवही भातशेतीवर चालते, हे बाहेरच्या व्यापाऱ्याला चटकन पटत नाही. गणेशचतुर्थीला शेतकरी कुटुंब कापड नेते तेव्हा भात शेतात उभे असते. पैसे येतात ते भात झोडून, विकून झाल्यावर. म्हणून गिऱ्हाइकाला भाव काय मिळाला, याची खबर ठेवणे आमच्या फायद्याचे आहे.

मागे आमच्या एका जुन्या गिऱ्हाइकाने भात दारात आलेल्या दलालाला पडेल भावात देऊन टाकले. सरकारी खरेदी असते हे त्याला ठाऊक होते. तो केंद्रावर जाऊनही आला होता. पण सातबाऱ्यावर पिकाची नोंदच नव्हती.

हकीकत अशी की, पूर्वी ही नोंद तलाठी करीत. 2021 पासून राज्यात ई-पीक पाहणी आली आणि शेतकऱ्याने स्वतः शेतात उभे राहून, मोबाईलवर पिकाचा फोटो काढून नोंद करायची असे ठरले. खरिपाची मुदत साधारण 1 ऑगस्टपासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत असते. कधी वाढवूनही मिळते. आमच्याकडे अजून कित्येकांची समजूत आहे की तलाठी लिहून घेतील.

ही नोंद, आधार आणि बँकेचे पासबुक घेऊन हमीभावाच्या खरेदीसाठी आगाऊ नाव नोंदवावे लागते. 2025-26 च्या खरिपासाठी साध्या भाताचा हमीभाव क्विंटलला 2,369 रुपये आणि नाचणीचा 4,886 रुपये जाहीर झाला. शिवाय 2023-24 च्या हंगामात राज्य सरकारने नोंदणी केलेल्या धान उत्पादकांना हेक्टरी 20,000 रुपये, दोन हेक्टरपर्यंत, प्रोत्साहन म्हणून जाहीर केले. वीस गुंठेवाल्याचे त्यात 4,000 रुपये होतात. दुकानदाराच्या हिशेबात ही रक्कम लहान नाही. मात्र असे प्रोत्साहन दरवर्षी मिळेलच असे धरून उधारी वाढवू नये.

दुसरी गोष्ट ओलाव्याची. भातात 17 टक्क्यांपेक्षा जास्त ओल असेल तर केंद्रावर माल नाकारला जातो. परतीच्या पावसात कापलेले भात घाईने पोत्यात भरले, की गाडीभाडे अंगावर पडते. दोन उन्हे जास्त द्यावीत.

सामाईक सातबाऱ्याचा पेच मात्र सहज सुटणारा नाही. एका उताऱ्यावर दहा-बारा नावे, त्यांतली निम्मी मुंबईत. संमतीसाठी माणसे गाठायची तर चतुर्थीसारखी संधी नाही. चाकरमानी तेव्हाच गावात असतात, आणि पीक पाहणीची मुदतही बहुधा त्याच सुमारास चालू असते. मोबाईलवाला मुलगा घरी आलेला असतो. त्याला आरतीआधी तासभर शेतात पाठवा, असे आम्ही कापड मोजता मोजता सांगतो. कोणी हसते, कोणी जाते.

आमचे शिक्षण उर्दू माध्यमातले. सातबाऱ्यातील शब्द आम्हालाही विचारून विचारून शिकावे लागले, तेव्हा विचारण्यात कमीपणा नाही. बी-बियाणे, रोग, खत यांबद्दल किसान कॉल सेंटरच्या 1800-180-1551 या क्रमांकावर सकाळी 6 ते रात्री 10 पर्यंत मराठीत सल्ला मिळतो. फोनचे पैसे पडत नाहीत. 2004 पासून ही सोय आहे. हा क्रमांक आम्ही गल्ल्यामागे मोठ्या अक्षरांत लावला आहे, आणि त्याखाली पीक पाहणीची शेवटची तारीख दरवर्षी खडूने लिहितो.