पीएचडीचा दरवाजा बंद नाही, रस्ता बदललाय

"सर, मौलाना आझाद फेलोशिप तर बंद झाली. मग पोरीनं पीएचडी करायची कशाच्या जोरावर?" विसरवाडीत हा सवाल पालक आम्हाला बरेचदा विचारतात. सवाल खरा आहे. 2009 पासून अल्पसंख्याक विद्यार्थ्यांना मिळणारी ही फेलोशिप केंद्र सरकारने 2022-23 पासून बंद केली. पण पीएचडी बंद झालेली नाही.

आता मोठा रस्ता 'नेट' परीक्षेचा. एमएला 55 टक्के हवेत. ओबीसी (नॉन-क्रीमीलेयर), एससी, एसटीला 50 चालतात. परीक्षा साधारण जून आणि डिसेंबरला होते. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. उर्दू, मराठी, अरबी हेही विषय आहेत. वरच्या गुणांवर जेआरएफ मिळाली तर पहिली दोन वर्षे महिना 37,000 रुपये. जेआरएफ हुकली, तरी 2024 पासून नेटचे गुण पीएचडी प्रवेशाला चालतात: 70 टक्के वजन गुणांना, 30 टक्के मुलाखतीला. मात्र ते गुण एकच वर्ष टिकतात.

ओबीसीत येणाऱ्या बिरादऱ्यांनी (मोमीन, पिंजारी, बागवान वगैरे) 'महाज्योती'ची जाहिरात पाहावी. ती पीएचडीला नोंदणी झालेल्यांना फेलोशिप देते. तडवी भिल्ल मुलांसाठी केंद्राच्या आदिवासी मंत्रालयाची फेलोशिप आहे. पण दाखले ऐनवेळी मिळत नाहीत. जात प्रमाणपत्र आणि नॉन-क्रीमीलेयर आधीच काढून ठेवा. नेटसाठी ओबीसीचा दाखला केंद्राच्या नमुन्यात लागतो, तो वेगळा असतो.

आपला जिल्हा जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठात येतो. जागा किती, हे गाइडवर ठरतं: प्राध्यापकाकडे एका वेळी जास्तीत जास्त 8, सहयोगी प्राध्यापकाकडे 6, सहायक प्राध्यापकाकडे 4 विद्यार्थी. म्हणून अर्जाआधी गाइड शोधा. 'शोधगंगा' या मोफत संकेतस्थळावर त्यांच्या हाताखाली झालेले प्रबंध वाचा, मग विषयाचं एक पान लिहून भेटायला जा. नुसतं "सर, मला घ्या" म्हटल्यानं काम होत नाही.

आता मुलींच्या पालकांसाठी खास गोष्ट. "मध्येच लग्न झालं तर?" ही काळजी आम्हाला कळते. यूजीसीच्या 2022 च्या नियमांत त्याची सोय आहे. पीएचडीला सर्वांना 6 वर्षे, तर महिलांना आणखी 2 वर्षांची सवलत मिळते. बाळंतपणासाठी 240 दिवसांपर्यंत रजा मिळते. लग्नामुळे गाव बदललं, तर नियमांच्या अटी पाळून झालेलं संशोधन दुसऱ्या विद्यापीठात नेता येतं.

म्हणजे निकाह ठरवताना एवढंच बोलून घ्यायचं: मुलीची तालीम चालू राहील. ही बात आधी पक्की करा. बाकीचे कागद आपण मिळून भरू, इन्शाअल्लाह.