पावलीनं घातलेला घोळ

अठरा रुपये परत करायचे तर दुकानदार फार विचार करत नाही. दहाचं नाणं, मग पाचचं, दोनचं, एकचं. आधी मोठं, उरलं त्याला खालचं. संगणकवाले या रीतीला ‘ग्रीडी’ म्हणजे हावरी म्हणतात. आजच्या १, २, ५, १०, २० रुपयांच्या नाण्यांत ती कधी फसत नाही; कुठलीही रक्कम घ्या, याहून कमी नाण्यांत भागत नाही. (गल्ल्यात सुट्टेच नसल्यानं हातावर चॉकलेट ठेवलं जातं, त्याला मात्र गणिताकडे औषध नाही.)

ही खात्री सगळ्या नाण्यांबाबत देता येत नाही. आपल्याकडेच ती १९६८ साली गेली. त्या वर्षी २० पैशांचं कमळाचं पिवळं नाणं आलं, आणि २५ पैसेही चालत होतेच. आता ४० पैसे परत करा बघू. हावऱ्या रीतीनं २५, १० आणि ५, अशी तीन नाणी जातात. वीस-वीसची दोन दिली की काम भागतं. ९० पैशांचंही तेच: ५०, २५, १०, ५ अशी चार, नाहीतर ५०, २०, २० अशी तीन.

दोष एकट्या विसाचा नाही की पंचविसाचा नाही. दोघं एका गल्ल्यात बसली की बिघडतं. पंचवीस आलं ते पावलीच्या वारशानं. १ एप्रिल १९५७ पूर्वी रुपया सोळा आण्यांचा होता आणि आणा, चवली, पावली, अधेली, रुपया ही १, २, ४, ८, १६ आण्यांची रांग होती. प्रत्येक नाणं आधीच्याच्या दुप्पट. अकरा आणे हवेत? अधेली, चवली, आणा. एक ते पंधरा आण्यांपर्यंतची कुठलीही रक्कम प्रत्येक नाणं फार तर एकदा वापरून जमते, आणि तीही एकाच प्रकारे. संगणकाची द्विमान पद्धत नेमकी हीच. इतकी नेटकी नाणी पुन्हा आपल्या वाट्याला आली नाहीत, असं माझं मत. दशमान पद्धत आली तरी लोकांच्या तोंडचे ‘चार आणे’ गेले नाहीत, म्हणून रुपयाचा चतुर्थांश नाण्यावर राहिला. वीस हे मात्र अस्सल दशमानाचं अपत्य. ३० जून २०११ पासून २५ पैसे आणि त्याखालची सगळी नाणी चलनातून बाद झाली, तेव्हा कुठे हे भांडण कायद्यानं मिटलं.

हावरी रीत फसते तिथं उत्तर काढायचं कसं? शेवटचं नाणं कोणतं, एवढंच विचारायचं. चाळिसात शेवटचं नाणं २५ चं असेल तर उरले १५, त्यांना दोन नाणी. २० चं असेल तर उरले २०, त्यांना एकच. १० किंवा त्याहून लहान नाणं घेऊन पाहिलं तरी एकूण दोनाच्या खाली जाता येत नाही. लहान रकमांची उत्तरं आधी मांडून ठेवली की मोठीचं आपोआप मिळतं.

मोड किती प्रकारे देता येईल, हेही असंच सुटतं. १ आणि २ ची नाणी घेतली तर दहा रुपये सहा प्रकारे होतात. पाचचं नाणं आलं की निदान एक पाच वापरायचंच असं धरा. उरलेले पाच रुपये चार प्रकारे होतात. सहा नि चार दहा, आणि दहाचं अख्खं नाणं धरून अकरा. वीस रुपयांचे ४१ प्रकार. पन्नास आणि शंभरच्या नोटाही धरल्या तर पन्नासचे ४५१ आणि शंभरचे तब्बल ४५६३! जॉर्ज पोल्या या गणितज्ञानं १९५६ च्या लेखात एका डॉलरसाठी हेच कोडं घेतलं होतं. अर्ध्या डॉलरपर्यंतची नाणी वापरली तर उत्तर २९२ येतं.

जेफ्री शॅलिट या संगणकशास्त्रज्ञानं २००३ मध्ये प्रश्न उलटा केला: नाणीच अशी निवडा की मोड कमीत कमी नाण्यांत जाईल. अमेरिकेतल्या १, ५, १०, २५ सेंटच्या नाण्यांत ० ते ९९ सेंटची मोड द्यायला सरासरी ४.७ नाणी लागतात. दहाच्या जागी अठरा सेंटचं नाणं पाडलं तर ३.८९ पुरतात. मात्र ३६ सेंट परत करताना सवयीचा कॅशियर २५, ५, ५, १ अशी चार नाणी मोजणार, आणि अठराची दोन गल्ल्यातच राहणार.